पेज – ताजी

२८ मार्च २००६

अतुलचं पुन्हा तेच. आणि जेवताना! ‘अक्का, पावडर घालूया की. चमचाभर पावडर, वरीसभर निवांत.’ माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, आणि मला शिकवतो. मी ताट सरकवलं. अर्धी भाकरी राहिली म्हणून यल्लव्वा आत्ती ओरडली ती वेगळीच. बरोबर आहे, भाकरीचा काय गुन्हा!

गंधकाची पावडर घालायची, बाहेरचं यीस्ट आणायचं, तर मग आजऱ्यात आमची वायनरी हवी कशाला? हंगामात इथं सगळे बी तेवढी काढून घेतात आणि काजूची बोंडं झाडाखाली सडतात — टनावारी. नुसत्या माशा. त्याच बोंडांची वाइन करायची. चोथा म्हशींना, शेण गोबरगॅसला, गॅसवर टाकी धुवायचं पाणी तापवायचं, आणि धुतलेलं पाणी केळींना. विरजण घरचं, बरणीत जपलेलं. दोन वर्षं शंभर-शंभर लिटर करून दाखवली. आता दोन हजार लिटरची टाकी आली, तर सगळ्यांच्या पोटात गोळा.

आप्पांनी हात धुता धुता निकाल दिला. ‘ह्या हंगामाला प्रीतीचं चालंल. बिघडलं, तर अतुलचा सांगलीचा पार्टनर आणायचा. मग कुनी तोंड उघडायचं न्हाय.’

पार्टनर म्हणजे एक्कावन्न टक्के. शेड त्याची, पद्धत त्याची, आणि मी लेबलावर हसणारी बाई. अतुलनं लगेच गच्चीवर जाऊन त्याला फोन लावला. नवा मोबाइल! रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते, म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.


२ एप्रिल

बादशहाकाकांनी टाकी धुतली. पाच तास. बावीस वर्षं दूध शीतकरण केंद्रात टाक्या धुतल्या त्यांनी, आणि ही टाकीही तिथलीच — केंद्र बंद पडलं तेव्हा आप्पांनी आणली. ‘टाकी घेतलीस दादासो, आता मला बी घे,’ असं म्हणून काका आमच्याकडे आले ते आलेच.

पद्धत ठरलेली. शेडच्या पायरीखाली चपला काढायच्या, डाव्या अंगाला. अनवाणी टाकीत उतरायचं. कढत पाणी तीनदा. मग व्हॉल्व्ह खोलून त्याच्या मागं दात घासायचा जुना ब्रश घालायचा. ‘घाण समोर बसत न्हाय पोरी, व्हॉलच्या मागं दडून बसती.’ हे मी शंभरदा ऐकलंय.

वाइनचा थेंब तोंडात घालत नाहीत. नुसतं हुंगतात आणि सांगतात, चुकत नाहीत. तरी या कामापायी पाहुण्यांत बोलणी खातात — मुसलमान असून दारूच्या कारखान्यात! परवा मशिदीतनं येताना कोणीतरी टोकलं म्हणे. काका म्हणाले, ‘म्या धुतोय. धुन्यात कसलं पाप?’


५ एप्रिल

विरजण उठलं! बरणीला कान लावला की आत चुरचुर ऐकू येते. दिवसभर कुणाशी भांडले नाही.


८ एप्रिल

शेडच्या भिंतीवर स्वतः रंगवलं, हातभर अक्षरात — ‘इथे काहीही वाया जात नाही.’ अतुल म्हणाला, ‘वेळ सोडून.’ हसू आलं, पण दाखवलं नाही.

आत्तीची पेजेची भट्टीही लावून झाली. बोंडाचा रस घशाला धरतो. नुसता प्यायला तर खोकून जीव जातो. त्यात घनसाळ तांदळाच्या कणीची पेज घालून ढवळायची. घशाला धरणारं सगळं पेजेला चिकटून खाली बसतं, वर नितळ रस. ही युक्ती आत्तीची, तिच्या आईपासूनची. कॉलेजातल्या पुस्तकात मी तीच वाचली तेव्हा कुठं मला पटली! पेज चुलीवरनं उतरली की पहिली वाटी आप्पांची, मीठ घालून. बाकीची बिनमिठाची टाकीला.


११ एप्रिल

लोडशेडिंग!! सकाळी दहाला गेली ती चारला आली. बोंडं आलेली, पाच गडी बसलेले, रस काढायचा प्रेस बंद. वीज कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, ‘मॅडम, वेळापत्रक पेपरात येतंय की.’ पेपरात बाराला जाणार असं होतं! बोललेच मग मी. नको ते बोलले.

बोंडं उद्यापर्यंत टिकत नाहीत, म्हशींना गेली. म्हशींची दिवाळी. उद्या पहाटे नवी तोडायची आणि लाइट जायच्या आत प्रेस संपवायची. आत्ती पातेलंभर पेज घेऊन बसलेली, तिचं काय करू म्हणाली. टाकू नको म्हटलं, उद्याच्यात घाल. डोकं दुखतंय. उद्या लाइट गेली तर मी त्या ऑफिसच्या पायरीवर बसणार आहे.


१२ एप्रिल

टाकी भरली!

पहाटे साडेचारपासून. सगळे राबले — अतुलसुद्धा, नवी जीन्स घालून. बोंडाच्या रसाचा डाग कधी निघत नाही हे त्याला बारा वाजता आठवलं. दहा वाजेपर्यंत पेज ढवळून झाली, संध्याकाळी नितळ रस टाकीत, त्यावर विरजण. काकांनी झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून पुटपुटले. मी विचारलं, काय म्हणालात? ‘तुला काय करायचंय? चांगलंच म्हनलोय.’

आप्पांची तब्येत बरी नाही वाटतं. पेजेची वाटी तोंडाला लावली आणि तशीच ठेवून उठले. पित्त असेल.

राजारामपुरीतल्या वाइनच्या दुकानाचे मालक १५ मेला चव बघायला येणार. पसंत पडली तर टाकीच्या टाकी उचलणार, पुढची तीन वर्षं. कोल्हापूरच्या दुकानात आमची बाटली! कॉलेजला असताना त्याच रस्त्यावर खोली होती माझी, रोज त्या दुकानावरनं जायचे. कारखान्याच्या रजिस्टरात सगळं नीट लिहिलं. तापमान, वेळ, माप. मगच झोपायला जाणार.


१४ एप्रिल

आत्ती संकेश्वरला गेली, सासरच्या जत्रेला. म्हणाली तीन आठवडे येत नाही. स्वयंपाक माझ्या गळ्यात. आप्पा मुकाट्यानं खातात, यावरून समजावं.


१९ एप्रिल

टाकी बोलतेय. झाकणाच्या नळीतनं बुडबुडे — मिनिटाला चाळीस. रोज सकाळी मीच व्हॉल्व्हमधनं नमुना काढते. पिकलेल्या बोंडाचा वास, किंचित मधासारखा. अतुलला पेला दिला. दोनदा हुंगला, एकदा प्याला, काही बोलला नाही. अतुल गप्प! याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं.


२७ एप्रिल

काकांनी सकाळी झाकणाशी नाक नेलं आणि तिथंच उभे राहिले. ‘प्रीती, हिकडं ये. नाकाला टोचतंय.’

मी हुंगलं. मला काही नाही वाटलं. म्हटलं, काका, सर्दी झालीय तुम्हाला. ते गेले नाहीत. ‘टोचतंय म्हंतो न्हवं.’ मी जरा जोरातच म्हटलं, तुम्ही धुवायचं बघा.

संध्याकाळी पुन्हा हुंगलं. टोचत होतं.


२८ एप्रिल

आंबटपणा मोजला. मागच्या आठवड्याच्या दुप्पट. पुन्हा मोजला. तेवढाच. बाटलीतलं औषध जुनं असेल म्हणून नवं काढलं. तेवढाच.

दोन हजार लिटर. सिरका होतोय टाकीत. सिरका म्हणूनही विकता येणार नाही, त्याचा परवाना वेगळा. एक्साइजच्या साहेबांसमोर ओतावी लागेल. घरात अजून कुणाला सांगितलं नाही.

का? विरजण चांगलं होतं. रस नितळ होता. मग का?


२९ एप्रिल

सांगितलं. अतुल ताडकन उठला, ‘म्हनलोतो की न्हाय? पावडर, पावडर म्हनून घसा बसला माझा!’ आप्पा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मग मी उठले आणि शेडमध्ये गेले. माझ्या मागून सगळे. व्हॉल्व्हच्या तोंडात बोट घालून फिरवलं — बोटाला पांढरा, बुळबुळीत चिकटा! सगळ्यांसमोर बोट वर धरलं. काका समोरच होते. म्हटलं, ‘हे काय आहे? घाण व्हॉलच्या मागं दडून बसती म्हणता ना? ही कुणी ठेवली?’

पाच गडी बघत होते. काका माझ्या बोटाकडे बघत होते, तोंडाकडे नाही. म्हणाले, ‘टाकी म्या धुतली. तीनदा. ब्रश घातलाता.’ एवढंच. मी म्हटलं, मग हे आभाळातनं पडलं?

आप्पा पुढे आले. मला वाटलं मला गप्प करतील. तर म्हणाले, ‘बाश्या, उद्यापासनं येऊ नगंस.’

काका पायरीपाशी गेले. पाय ओले होते. तसेच चपलेत घातले आणि निघून गेले. मागं वळून बघितलं नाही.


३० एप्रिल

आप्पांनी अतुलला बसवून सांगितलं, ‘पद्धतीचा दोष न्हाय, मानसाचा हाय. मानूस काढला. पार्टनरचं फुडच्या हंगामाला बघू.’ अतुलचं तोंड बघण्यासारखं झालं. मी वाचले! वाइन गेली, पण वायनरी राहिली. पुढच्या मार्चला पुन्हा करता येईल. हे लिहिताना लाज वाटायला हवी होती. वाटत नाही. फार हलकं वाटतंय.


३ मे

एक्साइजला अर्ज दिला. तारीख मिळेल तेव्हा ओतायची. शेडमध्ये गेले की पायरीच्या डाव्या अंगाला नजर जाते. सवय, दुसरं काय.


६ मे

आत्ती आली. दुपारी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं — टाकी, काका, व्हॉल्व्ह. हातातली शेंग तशीच राहिली तिच्या.

‘बादशहाला कशापायी घालवला? त्या दिशीची पेज आंबलीती की गं.’

कुठल्या दिवसाची?

‘लाइट गेलती त्या दिशीची. म्या इचारलं न्हाय तुला? म्हशीला घालू का म्हनून? आंबल की, म्हनलं. तू म्हनलीस, एका रातीत काय आंबतंय, घाल उद्याच्यात. तू शिकल्याली. म्या घातली.’

पुढं ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.


७ मे

ही वही उलटी चाळली. ११ एप्रिल. माझंच अक्षर, घाईघाईचं. ‘टाकू नको म्हटलं, उद्याच्यात घाल.’ लोडशेडिंगवर बारा ओळी आणि यावर एक.

एप्रिलचं ऊन, झाकलेलं पातेलं, बावीस-चोवीस तास. उकळी पण नाही दिली, तशीच नव्या पेजेत ओतली. आत्तीला अक्षर येत नाही, तिला कळलं. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी! परीक्षेला मला हाच प्रश्न होता, पेज नव्हती, दूध होतं एवढाच फरक. ‘काहीही वाया जात नाही’ म्हणे. पातेलंभर पेज वाचवली आणि दोन हजार लिटर घालवली.

आणि व्हॉल्व्हमधला चिकटा? रोज मीच तिथनं नमुना काढत होते. बिघडलेली वाइन तोंडाशी बसून राहणार, चिकटा धरणारच. सतरा दिवसांनी बोट घालून मी काय सिद्ध केलं? तो चिकटा माझ्या हातचा.

मग रजिस्टर काढलं. १२ एप्रिल. ‘पेज – ताजी.’ खाली माझी सही.

चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हण लहानपणी पाठ केली होती, त्यातला चोर कसा दिसतो ते कधी डोळ्यांपुढं आलं नव्हतं.


८ मे

सांगितलं नाही.


९ मे

आजही नाही. आत्ती जेवताना माझ्याकडे बघते आणि मुकाट वाढते. ती बोलणार नाही, मला माहीत आहे. तिला वाटतंय मी बोलेन.

बोलले तर? बिघडलं तर पार्टनर — आप्पांचा शब्द. काका नाही चुकले म्हणजे मी चुकले. मी चुकले म्हणजे गेलं सगळं. चार वर्षं. लग्नाची दोन स्थळं मी या शेडपायी परत पाठवली.

गप्प राहिले तर कुणाचं काय जातंय? काकांना दुसरीकडे काम मिळेल. एवढा अनुभव आहे.


१० मे

नाही मिळालं.

बाजारात मेहमुदाकाकी भेटल्या, काकांच्या घरच्या. मी भाजीच्या ढिगाआड व्हायला बघत होते, त्यांनीच हाक मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू बोलल्या.

‘काजूच्या फॅक्टरीत गेलते. तिथला मालक म्हनला, चाचा, तुम्ही टाकी घान ठेवली म्हनं, आमचा खान्याचा माल हाय. बाई, माझा नवरा नमाजाआधी दिसातनं पाच येळा हातपाय धुतो. नखं बघतो. त्यो घान ठेवनार? पाव्हन्यारावळ्यांनी दारूचा कारखाना म्हनून नावं ठेवली, ती ऐकून घेतली त्यांनी. ह्ये न्हाय ऐकून घ्याया येत. आठ दिस झालं, घराभायेर पडले न्हाईत.’

मी काय म्हणाले? ‘बघते’ म्हणाले. बघते! टोमॅटो घेतले आणि घरी आले. टोमॅटो नको होते.


११ मे

आप्पांना सांगितलं. गोठ्यात, ते म्हशीचं अंग धूत होते तेव्हा. सगळं सांगितलं, रजिस्टरसकट. वाटलं, आता हातातली बादली फेकतील.

ते घासत राहिले. म्हणाले, ‘म्हाईत हाय.’

मला आधी कळलंच नाही.

‘त्या सकाळी म्या वाटी तोंडाला लावली न्हवं? आंबट. म्हनलं, पोरगी शिकल्याली, तिला काय तरी ठावं असंल. मागनं टाकी बिघडली तवा उमगलं.’

म्हटलं, तरी तुम्ही काकांना काढलंत?

तेव्हा थांबले. ‘मग काय करायचं? तुझं नाव घ्यायचं? अतुलनं दुसऱ्या दिशी सांगलीवाला आनून बसवला असता. माझ्या वडलांची जमीन हाय ती. तू घरची. त्यो भायेरचा. घरचं झाकावं लागतंय.’

बाहेरचा. आप्पांच्या लग्नात वरातीपुढं कोण नाचलं ते त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलंय. आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर डबा कोण पोचवत होतं? मेहमुदाकाकी.

‘पंधरा तारीख हुईपतूर गप ऱ्हा,’ आप्पा म्हणाले. ‘पाव्हनं येऊन जाऊ देत. मग बघू त्याचं काय तरी.’

आप्पांवर संताप संताप झाला. मग लक्षात आलं, त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते मी तीन दिवस मनात घोळवतच होते. फक्त त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं.


१३ मे

वजन काट्यावर ठेवल्यासारखं दोन्हीकडे बघते. शेड. काकांचं नाव. दर वेळी शेडच जड भरते. मी अशीच आहे का?


१५ मे

जसं झालं तसं लिहिते.

राजारामपुरीचे पाहुणे अकराला आले. पांढरी गाडी, गळ्यात चेन, पण माणूस समजूतदार. त्यांना टाकीचं फोनवर कळवलं होतं, तरी आले, पुढच्या वर्षासाठी. मागच्या साली करून ठेवलेल्या बाटल्यांतली एक उघडली. त्यांनी जिभेवर घोळवली. ‘ह्ये हाय की चांगलं! मग ह्या टायमाला काय झालं दादासो?’

आप्पा म्हणाले, ‘मानूस हयगय करनारा निघाला. बादशहा म्हनून हुता. टाकी नीट धुतली न्हाय. काढून टाकला.’

पाहुण्यांनी मान हलवली. ‘बादशहा. आजऱ्याचाच का? बरं झालं सांगितलं, आमच्या गोडाऊनला बी मानसं लागत्यात.’ आणि नाव मनात धरल्यासारखं पुन्हा म्हटलं.

मी आत गेले. ही वही आणली. कुणालाही कधी हात लावू दिला नाही हिला. ११ एप्रिलचं पान काढलं आणि उभ्यानं वाचलं. अगदी लोडशेडिंगपासून, वीज कंपनीला बोलले तेही. ‘टाकू नको म्हटलं, उद्याच्यात घाल’ इथं थांबले. मग रजिस्टर उघडलं आणि तेही वाचलं — पेज, ताजी, खाली सही. म्हटलं, पेज ताजी नव्हती. हे मला माहीत होतं. बादशहाकाकांनी टाकी तीनदा धुतली होती. त्यांनीच बिघाड पहिल्यांदा सांगितला आणि मी त्यांना गप्प केलं.

आप्पा उठून निघून गेले. आत्ती दारात होती, डोळ्यांना पदर.

पाहुण्यांनी पेला खाली ठेवला. ‘बाई, खरं बोललीस, ब्येस केलंस. पन माल खऱ्यावर खपत न्हाय. पावडर घालाया लागा, मग फोन करा.’ गाडी गेली.

उरलो मी आणि अतुल. मला वाटलं, आता हसणार. जिंकला की तो! त्यानं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं आणि खिशातलं पेन दिलं. ‘आधी हे नीट कर.’ मी ‘ताजी’वर काट मारली. वर लिहिलं — आदल्या दिवशीची, आंबलेली. तारीख घातली, सही केली. त्यानं फुंकर मारून शाई वाळवली आणि रजिस्टर मिटलं.


१६ मे

काकांच्या घरी गेले. अंगणात स्टोव्ह खोलून बसले होते, पिन मारत. मला बघून उठले नाहीत.

मी म्हटलं, काका, मी खोटं बोलले. सगळ्यांसमोर बोलले. काल सगळ्यांसमोर वाचून पण दाखवलं.

‘कळलं. गाव केवढं हाय.’ पिन मारत राहिले. ‘सतरा दिस लागलं तुला.’

मोजले होते त्यांनी.

म्हटलं, परत या. फॅक्टरीत मी स्वतः जाऊन सांगते. काकांनी स्टोव्हचा बर्नर उन्हात धरून बघितला. ‘फॅक्टरीत जाऊन सांग. ते सांगायलाच पायजे. पन मी येनार न्हाय. पाच मानसांत तू बोट वर धरलंस. त्ये बोट अजून दिसतंय मला.’

मेहमुदाकाकींनी चहा आणला. काकांनी नको म्हटलं नाही, घे पण म्हटलं नाही. मी उभ्यानं प्याले आणि आले. येताना फॅक्टरीत गेले. मालकाला सांगितलं, त्याच्या मुनिमालाही सांगितलं, आणि दारावरच्या वॉचमनलाही.


१९ मे

आप्पा बोलत नाहीत. जेवतात, उठतात.


२२ मे

एक्साइजचे साहेब आले. पंचनामा झाला. अतुलनं व्हॉल्व्ह उघडला. दोन हजार लिटर चरातनं खाली, केळींपासून लांब, बांधाकडं. तासभर चाललं होतं. सगळ्या आवारात आंबूस वास. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अंगणातली कुत्री तेवढी धावत आली, हुंगली आणि शिंकत परत गेली.

भिंतीवरची माझी अक्षरं आज फार मोठी वाटली.

पार्टनरचं काय झालं, अतुलला विचारलं. अजून फोन केलेला नाही म्हणाला. का? तर म्हणे, ‘रेंज न्हाय.’ मोबाइल हातात, आणि उभा होता पाण्याच्या टाकीच्या शिडीपाशी.


२३ मे

सकाळी टाकी मीच धुतली. अनवाणी आत उतरले. कढत पाणी तीनदा. पाठ मोडली, हात भाजले. बाहेर येऊन बघते तर बादशहाकाका शेडच्या पायरीखाली उभे. कधीपासून होते कुणास ठाऊक. त्यांनी लांबूनच टाकीकडे नाक केलं.

‘व्हॉलच्या मागं ऱ्हायलंय,’ म्हणाले. आणि चपला काढल्या.